दहा तासांचे घड्याळ

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन शहरातील उफा-पालास्ट या भव्य चित्रपटगृहात ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट प्रथम दाखविण्यात आला. त्यातील गगनचुंबी इमारती, अजस्र यंत्रे आणि धातूची यंत्रस्त्री यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यातील एक वस्तू प्रेक्षकांच्या ध्यानात सहसा राहत नाही. ती म्हणजे कामगारांचे घड्याळ. या घड्याळाच्या मोठ्या तबकडीवर बारा नव्हे, दहाच आकडे आहेत. धन्यांचा दिवस चोवीस तासांचा. कामगाराच्या लेखी काळ म्हणजे दहा तासांची पाळी. ती संपली की मान खाली घातलेला एक जथा बाहेर पडतो आणि तशीच मान घातलेला दुसरा आत शिरतो.

चित्रपटाच्या अखेरीस मालक आणि कामगार परस्परांच्या हातात हात देतात. या समेटानंतर ते घड्याळ बदलले काय? आमच्या मते, वर्गकलहाचे हे रूपक पारखून घ्यायचे असेल तर हाच प्रश्न विचारला पाहिजे.

ही कथा थेया फॉन हार्बू या लेखिकेची. तिची कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली आणि दिग्दर्शक फ्रिट्झ लांग या आपल्या पतीसमवेत तिनेच चित्रपटाची पटकथा सिद्ध केली. भविष्यातील एका महानगरात धनिकांची मुले उंच मनोऱ्यांवरील बागांतून रमतात, यंत्रे भूमीखाली धडधडतात आणि कामगारांची वस्ती त्याहूनही खाली, जेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा जागी आहे. नगराचा स्वामी योह फ्रेडरसन याचा पुत्र फ्रेडर एके दिवशी खाली उतरतो. तेथे एक यंत्र फुटून माणसे होरपळताना तो पाहतो आणि त्या यंत्राच्या जागी त्याला बालकांचा बळी घेणारा मोलख दैवताचा जबडा दिसू लागतो. पुढे ११८११ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या एका थकलेल्या कामगाराची जागा तो स्वतः घेतो. घड्याळासारख्या दिसणाऱ्या एका यंत्राचे काटे दोन्ही हातांनी ओढता ओढता, क्रुसावर खिळल्यागत ताणलेल्या अवस्थेत, हे दहा तास कधी संपणारच नाहीत काय, असा टाहो तो आपल्या पित्याच्या नावे फोडतो. हे दृश्य पाहताना कोणाही ख्रिस्ती माणसास कालवारीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही.

हे दहा तास लेखिकेने कल्पनेतून काढलेले नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव होऊन बादशाही कोसळली, तेव्हा १५ नोव्हेंबर १९१८ रोजी कारखानदार आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला आणि आठ तासांचा कामाचा दिवस मान्य करण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी पदरात पडली. पण पाचच वर्षांत, १९२३ साली, चलनवाढीने देशाची दाणादाण उडाली. मजुरीचे पैसे हाती पडून बाजारात पोहोचेपर्यंत त्यांचे मोल उतरलेले असे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारी वटहुकमाने दहा तासांपर्यंत काम घेण्याची वाट पुन्हा मोकळी झाली. मे १९२५ मध्ये ‘मेट्रोपोलिस’चे चित्रण सुरू झाले, तेव्हा ही जखम ताजी होती. बर्लिनच्या प्रेक्षकाने दहा आकड्यांची तबकडी पाहिली, ती भविष्यातील म्हणून नव्हे. ती त्याच्याच कारखान्याच्या भिंतीवरची होती.

चित्रपटाच्या निर्मितीतही हे वास्तव डोकावते. उफा या कंपनीने त्यावर सुमारे ५० लाख मार्क खर्च केले. बाबेलच्या बुरुजाच्या प्रसंगासाठी सुमारे एक हजार माणसांची डोकी भादरण्यात आली. एवढी माणसे मिळाली, कारण काम शोधत फिरणाऱ्यांची त्या शहरात वाण नव्हती. पुराच्या दृश्यांसाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतील शेकडो मुले पाण्यात उभी करण्यात आली. कामगारांच्या हालांची ही कहाणी कामगारांच्याच हालांतून उभी राहिली, हे विसरता कामा नये.

भुयारातील जुन्या कबरस्थानात कामगारांना धीर देणारी तरुणी म्हणजे मारिया. तिच्यामागे क्रुसांची रांग आणि मेणबत्त्या आहेत. बाबेलच्या बुरुजाची गोष्ट ती नव्याने सांगते. ज्यांनी बुरुजाचे स्वप्न पाहिले त्यांना तो बांधता येत नव्हता. ज्यांनी तो बांधला त्यांना स्वप्न ठाऊक नव्हते. एकाची स्तुती ती दुसऱ्याची शिवी ठरली. ‘उत्पत्ती’च्या ग्रंथात परमेश्वर भाषेचा घोटाळा करतो, येथे भाषा एकच आहे, वेतन देणारा आणि घेणारा यांच्यात मात्र अर्थ हरवला आहे. बायबलच्या कथेचा असा सामाजिक अर्थ त्या काळी क्वचितच कोणी इतक्या थोडक्यात लावला असेल.

मारियाचा उपदेश असा, की योजणारे मस्तक आणि राबणारे हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी केली पाहिजे. हाच कादंबरीचा बोध आहे आणि आपले पुस्तक कोणत्याही पक्षाची वा वर्गाची तरफदारी करीत नाही, असे लेखिकेने आरंभीच बजावले आहे. या निःपक्षपातीपणाची परीक्षा कथेच्या उत्तरार्धात होते.

फ्रेडरसन हा मालक लपून ही सभा पाहतो आणि रोटवांग या संशोधकाला आज्ञा करतो, की त्याने घडविलेल्या यंत्रस्त्रीला मारियाचा चेहरा द्यावा. खरी मारिया कोंडली जाते. खोटी मारिया वर धनिकांच्या मेजवानीत ‘प्रकटीकरण’ ग्रंथातील सात डोक्यांच्या पशूवर बसलेल्या स्त्रीच्या रूपात अवतरते आणि खाली कामगारांना यंत्रे फोडण्यास चिथावते. येथे एक बारकावा आहे. कामगारांनी हिंसा करावी, म्हणजे त्यांच्यावर हिंसा करण्याचा हक्क आपल्याला मिळेल, असा मालकाचा हिशेब असल्याचे रोटवांगच्या तोंडून स्पष्ट सांगितले जाते. इतकेच नव्हे, तर मुख्य यंत्राचे दार जमावाला उघडून दे, असा हुकूमही ग्रोट या मुकादमाला मालकाकडूनच मिळतो. यंत्र मोडते, जलाशय फुटतात आणि कामगारांचीच वस्ती पाण्याखाली जाते. विजयाच्या उन्मादात फेर धरून नाचणाऱ्या आईबापांना आपली मुले खालीच राहिली आहेत याचे भान नसते. खरी मारिया, फ्रेडर आणि त्याचा एक साथी त्या मुलांना वाचवतात.

द्वेषाने पेटलेला जमाव प्रथम आपलेच घर बुडवितो, हे सत्य या प्रसंगात निर्भीडपणे मांडले आहे. पण आग लावणारा हात कोणाचा, हेही तितक्याच निर्भीडपणे दाखविले आहे. असे असता अखेर काय घडते? यंत्रस्त्रीला चितेवर जाळले जाते. रोटवांग महामंदिराच्या छपरावरून कोसळून मरतो. पुत्राच्या काळजीने फ्रेडरसनचे केस पांढरे होतात. महामंदिराच्या दाराशी फ्रेडर आपल्या पित्याचा हात ग्रोटच्या हातात देतो आणि चित्रपट संपतो. मुले कोणामुळे बुडत होती, हे मालकाला कोणी विचारीत नाही. तोही सांगत नाही. कामाचे तास, मजुरी, भुयारातील घरे यांविषयी चकार शब्द निघत नाही. दहा आकड्यांची तबकडी होती तशीच राहते.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत समेटाला काही पायऱ्या आहेत: पश्चात्ताप, पापकबुली आणि झालेल्या हानीची भरपाई. जकातदारांचा प्रमुख जक्कय याची गोष्ट आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. प्रभू येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयाचे मन द्रवले. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत, असा रोकडा हिशेब त्याने उभ्याउभ्या मांडला. हृदयपालट झाल्याची खूण त्याच्या थैलीत दिसली. फ्रेडरसनच्या केसांचा रंग पालटला; थैली मात्र तशीच राहिली.

चित्रपटातील मध्यस्थ काल्पनिक होता. पण त्याच वेळी बर्लिनमध्ये खराखुरा मध्यस्थ काम करीत होता आणि तो एक कॅथलिक धर्मगुरू होता. फादर हाइनरिश ब्राउन्स यांचा जन्म १८६८ साली कोलोन येथे झाला. माइन्झचे बिशप केटलर यांनी १८६४ सालीच कामगारांच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता आणि १८९१ साली पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक निघाले होते. त्या विचारांत वाढलेले फादर ब्राउन्स १९२० पासून १९२८ पर्यंत, अनेक मंत्रिमंडळे आली-गेली तरी, जर्मनीचे कामगारमंत्री राहिले. डिसेंबर १९२६ मध्ये कामगार न्यायालयांचा कायदा झाला. न्यायाधीशाच्या शेजारी मालकांचा आणि कामगारांचा प्रतिनिधी समान अधिकाराने बसू लागला. जुलै १९२७ मध्ये बेकारी विम्याचा कायदा झाला. त्याची वर्गणी मालक आणि कामगार यांनी निम्मी-निम्मी भरावयाची होती. ‘मेट्रोपोलिस’ पडद्यावर आला त्याच वर्षी मस्तक आणि हात यांची गाठ अशी कागदावर, कलमवार घातली जात होती. तिच्यावर चित्रपट काढण्याचे कोणाला सुचले नाही.

ब्राउन्स यांना आम्ही देवदूत ठरवू इच्छित नाही. १९२३ चा तो दहा तासांचा वटहुकूम त्यांच्याच कारकिर्दीतला. त्यांच्यामागून १९२८ च्या नोव्हेंबरात रुर खोऱ्यातील पोलाद कारखानदारांनी लवादाचा निवाडा धुडकावून दोन लाखांहून अधिक कामगारांवर टाळेबंदी लादली. मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याच्या वर्गणीच्या वादातच सरकार पडले. खरी मध्यस्थी अशी चिवट, अपुरी आणि सदैव धोक्यात असते. पण तिच्यात तासांचा आणि पैशांचा उल्लेख असतो.

तो उल्लेख वगळून केवळ एकीची भाषा केली की काय होते, हे जर्मनीने लवकरच पाहिले. २ मे १९३३ रोजी हिटलरच्या लोकांनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. पुढच्या वर्षाच्या आरंभी झालेल्या कायद्याने कारखान्याचा मालक हा ‘नेता’ आणि कामगार हे त्याचे ‘अनुयायी’ ठरले. आता वर्गकलह उरला नाही, सारे एकदिल झाले, असे सांगण्यात आले. संप करण्याचा मार्ग तेवढा बंद झाला. झिगफ्रीड क्राकाउअर या टीकाकाराने १९४७ च्या आपल्या ग्रंथात ‘मेट्रोपोलिस’च्या शेवटावर बोट ठेवले ते याचसाठी. हृदयाच्या नावाने केलेले आवाहन हुकूमशहालाही सोयीचे पडते.

चित्रपट घडविणाऱ्या दोघांच्या वाटाही येथेच फुटल्या. लांग १९३३ साली जर्मनी सोडून गेला; तो शेवट आपल्याला पटलेला नव्हता, असे त्याने उत्तरायुष्यात सांगितले. त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. हार्बू जर्मनीतच राहिली, नाझी पक्षाची सभासद झाली आणि त्या राजवटीत पटकथा लिहीत राहिली. मराठी वाचकाला अचंबा वाटेल अशी गोष्ट म्हणजे याच काळात तिने बेळगाव परिसरातील आयी गणपत तेंडुलकर या बर्लिनस्थित पत्रकाराशी गुप्तपणे विवाह केला. वंशशुद्धीचे स्तोम माजविणाऱ्या त्या राज्यात तो उघडपणे होणे शक्य नव्हते. महायुद्धाच्या सुमारास तेंडुलकर मायदेशी परतले. हार्बू १९५४ साली बर्लिनमध्ये निवर्तली. हृदयाचा धर्म सांगणाऱ्या या बाईचे स्वतःचे हृदय एका बाजूला आणि सभासदत्व दुसऱ्या बाजूला होते. अशा दुभंगाचा न्याय करणे आम्ही परमेश्वराकडे सोपवितो.

चित्रपटाची मूळ प्रत प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच कापली गेली आणि हरवली. २००८ साली अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेस येथे जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० साली गाळलेली सुमारे पंचवीस मिनिटे जोडून तो पुन्हा दाखविण्यात आला. त्याआधी, १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमांच्या परिषदेने ४५ चित्रपटांची यादी काढली होती. ‘धर्म’, ‘मूल्ये’ आणि ‘कला’ असे तिचे तीन विभाग होते. भुयारातील क्रूस, बाबेल, महामंदिर एवढे सारे असूनही ‘मेट्रोपोलिस’ला जागा मिळाली ती ‘कला’ या विभागात. आम्हांस ती योग्य वाटते.

१९३१ साली पोप पायस अकरावे यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात असे निक्षून सांगितले, की नाकारलेल्या न्यायाची जागा दानधर्म घेऊ शकत नाही. फ्रेडरसनच्या नगरीला हाच बोध हवा होता. आपणांपैकी काहीजण कामावर जाणारे आहेत, तर काहींच्या दुकानांत, वाड्यांत, घरांत दुसरे कोणी कामावर येत असेल. सणासुदीला आपण त्यांच्याशी प्रेमाने हात मिळवितो, गोडधोड देतो. ते चांगलेच आहे. पण त्यांची पाळी किती तासांची आणि त्या तासांचे मोल चोख हाती पडते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. हात मिळविणे त्यानंतरचे.