ऑगस्टसचे विवाहविषयक कायदे

समाजाची स्थिरता कुटुंबसंस्थेवर अवलंबून असते, हें विधान सर्वांस मान्य आहे. परंतु ढासळत्या कुटुंबास राजाज्ञेचा टेकू देऊन सावरतां येतें काय, या प्रश्नाचें उत्तर इतिहासाकडेच मागितलें पाहिजे. तसा प्रयोग रोमच्या ऑगस्टसनें मोठ्या नेटानें केला. म्हणून त्याची हकीकत पाहण्यासारखी आहे.

इ. स. पूर्व ३१ मध्यें ॲक्टियमची लढाई जिंकून ऑगस्टस रोमचा सत्ताधीश झाला, तेव्हां दीर्घ यादवीनें तेथील सरदारवर्ग खिळखिळा झाला होता. अनेक जुनीं कुळें नामशेष झालीं होतीं, आणि उरलेल्यांतील कित्येकांस लग्नाचा व लेंकरांचा व्याप नकोसा वाटत होता. मृत्युपत्रांत आपलें नांव यावें म्हणून निपुत्रिक धनिकाभोंवतीं खुशामत्यांचा गराडा पडे. अपत्यहीनता ही एक प्रकारची प्रतिष्ठाच होऊन बसली होती!

यावर उपाय म्हणून इ. स. पूर्व १८ मध्यें ऑगस्टसनें कायदे केले, व इ. स. ९ मध्यें त्यांस पुरवणी जोडली. २५ ते ६० वर्षांच्या पुरुषांनीं व २० ते ५० वर्षांच्या स्त्रियांनीं विवाहित असलें पाहिजे, असा दंडक पडला. अविवाहितास परक्याच्या मृत्युपत्रानें कांहीं मिळूं नये, आणि निपुत्रिकास त्यांतील अर्धेंच मिळावें, असें ठरलें. उलटपक्षीं, अपत्यवान् उमेदवारास अधिकारपद लवकर मिळूं लागलें, आणि तीन मुलांची कुलीन माता पालकाच्या ताब्यांतून मोकळी झाली. व्यभिचार हा सार्वजनिक गुन्हा ठरला. अपराधी पत्नीस न टाकणारा पतीही शिक्षेस पात्र झाला.

पण कायदा करणाराचें स्वतःचें घर कसें होतें? आपली एकुलती कन्या ज्यूलिया हिचीं तीनही लग्नें त्यानें वारसाच्या सोयीसाठीं लाविलीं. तिसऱ्या लग्नाकरितां टायबेरियसला आपली आवडती, गर्भवती पत्नी व्हिप्सानिया हिचा त्याग करावा लागला. पुढें एकदां ती दृष्टीस पडतांच त्याचे डोळे भरून आले, आणि पुन्हां ती त्याच्यासमोर येऊं नये अशी तजवीज करण्यांत आली, असें स्वेटोनियस लिहितो. इ. स. पूर्व २ मध्यें ज्यूलियाही व्यभिचाराच्या आरोपावरून एका लहानशा बेटावर हद्दपार झाली. जें घर राजकारणासाठीं तीनदां मांडलें, त्याच घरावर अखेर बापाच्या कायद्याची कुऱ्हाड पडली.

पुरवणी कायदा ज्या दोन कॉन्सलांच्या नांवानें ओळखला जातो, ते दोघेही अविवाहित होते, असें डिओ हा इतिहासकार नमूद करतो. टॅसिटसचा अभिप्राय याहून कठोर आहे: लग्नें वाढलीं नाहींत, मुलें वाढलीं नाहींत; वाढला तो बक्षिसाच्या लोभानें घरोघरच्या बातम्या काढणाऱ्या खबऱ्यांचा सुळसुळाट. तीन अपत्यांच्या पित्याचा हक्क सम्राटाच्या कृपेनें निपुत्रिकांसही लाभूं लागला. अविवाहितांवरील दंड अखेर इ. स. ३२० मध्यें कॉन्स्टंटाइननें रद्द केला.

मग शासनानें कुटुंबाकडे पाठ फिरवावी काय? तसें म्हणणें बरोबर होणार नाहीं. ऑगस्टसनंतर सुमारें शंभर वर्षांनीं सम्राट ट्रेजननें निराळा मार्ग धरला. उत्तर इटलींतील व्हेलिया येथें १७४७ सालीं सांपडलेल्या ब्राँझच्या लेखांत त्याचा तपशील आहे. सरकार जमीनदारांस कर्ज देई, आणि त्याच्या व्याजांतून मुलांस पोटगी मिळे: औरस मुलग्यास दरमहा १६ सेस्टर्स व मुलीस १२. यादींत औरस मुलगे २४५ व मुली अवघ्या ३४ आहेत, हें त्या योजनेचें वैगुण्य होय. तथापि ती कोणाच्या शयनगृहांत डोकावली नाहीं. तिनें मुलाच्या ताटांत अन्न वाढलें.

आजही घटत्या जन्मप्रमाणानें चिंतातुर झालेलीं सरकारें बक्षिसें व सवलती जाहीर करीत आहेत. त्यांनीं या दोन प्रयोगांतील अंतर ध्यानीं घ्यावें. मूल वाढविण्याचा भार हलका करणें शासनाच्या हातीं आहे. पतिपत्नींतील विश्वास मात्र हुकुमानें उत्पन्न होत नाहीं. आणि जो राज्यकर्ता स्वतःच्या सोयीसाठीं घरें मोडतो, त्याच्या तोंडचा गृहस्थधर्माचा उपदेश प्रजेनें कां ऐकावा?