जुन्नरची जुनी वाट

॥ राम कृष्ण हरी ॥

वारकऱ्याला वाट सांगावी लागत नाही. ती त्याच्या पायांना ठाऊक असते. पण ती पहिल्यांदा पाडली कोणी, हा विचार चालताना सहसा मनात येत नाही. जुन्नरच्या पेठेतून गेलेल्या एका जुन्या वाटेचा माग काढला, तर त्याचे उत्तर थोडेफार हाती लागते.

ही वाट कोकणातून वर येते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तिथून पुढे पैठणकडे जाई. घाटात फरसबंदी आहे, पाण्याची कोरीव टाकी आहेत. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. सुमारे 2000 वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात कल्याणचे नाव आले आहे. भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तेर, असा हिशेबही त्यात आहे. पैठण म्हणजे पुढे नाथांचे गाव, तेर म्हणजे गोरोबाकाकांचे. संत ज्या गावांत झाले, त्यांतल्या काही गावांच्या पेठा त्यांच्या आधी हजार वर्षे नांदत होत्या.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना नमन आहे. वारी तेव्हापासून होती, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पण वाटेच्या माथ्यावर वासुदेवाचे नाव इतक्या पूर्वी कोरलेले पाहून वारकऱ्याचे हात आपोआप जोडले जातात.

पुढे लेखात राजाने केलेले यज्ञ आहेत आणि दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे यांची मोजदाद आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या, नावे राहिली. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींची नावे येतात. यवन दात्यांचीही येतात. ज्याने दिले, त्याचे नाव दगडावर चढले.

मग नाव कोणाचे राहिले? ज्याच्या पाठीवर ओझे होते त्याचे. नाणेघाटाचा चढ गाडीचा नव्हे. माल चढला तो हमालांच्या डोक्यावर आणि जनावरांच्या पाठीवर. राजाने वाट बांधली, राखली, तिची जकात घेतली, हे खरे. पण ती मळली मुक्या खुरांनी.

आता जुन्नरहून पूर्वेला आळ्याला चला. माउली भावंडांसह शुद्धिपत्रासाठी पैठणला गेले, तिथे वेदाच्या अधिकाराचा प्रश्न उभा राहिला आणि रेड्याच्या मुखातून वेद उमटले, ही कथा आपण सर्व जाणतो. तो रेडा पखालीचा, लोकांचे पाणी वाहणारा. पुढे नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. तिथून आळंदीला परत येताना आळ्याला रेड्याने देह ठेवला आणि माउलींनी त्याला समाधी दिली, असे परंपरा सांगते. त्या समाधीची पूजा आजही होते.

इतिहासकार या कथेला पुरावा मागतील. तो त्यांचा धर्म आहे. आपण तिचे मर्म पाहावे. नाणेघाटाच्या लेखात जनावर दानाच्या आकड्यात आले; आळ्यात त्यालाच समाधी मिळाली. एकीकडे राजांच्या मूर्ती झिजून गेल्या, दुसरीकडे ओझे वाहणाऱ्यापुढे माणसे माथा टेकतात. अधिकार कोणाचा, या प्रश्नाला संतांनी दिलेले हे उत्तर आहे. ते ग्रंथात आहे, तसेच जमिनीवरही आहे.

1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 साली तिथूनच आगगाडी धावू लागली, आणि नाणेघाटाची वर्दळ ओसरली. आता कल्याण-नगरची वाहने माळशेज घाटाने येतात. ती आळेफाट्यावर क्षणभर थांबतात; समाधी जवळच आहे, हे कितीजणांना ठाऊक असते?

तिथे जरूर जावे. पण तेवढ्याने ऋण फिटत नाही. आजच्या वारीत पखालीची जागा टँकरने घेतली आहे आणि तांड्याची जागा सामानाच्या ट्रकने. तळावर दिंडी पोहोचण्याआधी पाणी पोहोचवणारा माणूस बहुधा कीर्तनालाही बसू शकत नाही. तेव्हा तो पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर असतो. आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा त्याच्याही पाया पडावे. पाण्यासाठी रांगेत उभे राहून त्याच्यावर ओरडू नये. वाट त्याच्याही पाठीवरून चालली आहे.

॥ पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥