पिकअप ट्रक, जुने अमेरिकी : ख्याती व टिकाव

पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा आणि हे दोन्ही शिडीच्या आकाराच्या पोलादी चासीवर बोल्टांनी बसवलेले, असे हलके मालवाहू मोटारवाहन. कारखान्यातूनच हौद्यासह तयार मिळणारे फोर्ड ‘मॉडेल टी’ १९२५ मध्ये २८१ डॉलरना विकले जाऊ लागले. त्याआधी गिऱ्हाइके बहुधा नुसती चासी विकत घेऊन तिच्यावर हौदा वेगळा बांधून घेत. प्रस्तुत नोंदीत ‘जुने’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरपासून साधारण १९९० पर्यंतचे पिकअप. डॉजचा ‘पॉवर वॅगन’ (१९४६), शेव्हरोलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका (१९४७) आणि फोर्डची ‘एफ’ मालिका (१९४८) यांपासून या काळाची सुरुवात होते. ‘हे ट्रक कधी मरत नाहीत’ अशी त्यांची ख्याती आहे. ती बऱ्याच अंशी खरी आहे. मात्र तिचे श्रेय सहसा जाड पत्र्याला आणि दणकट इंजिनाला दिले जाते, तेथे ते पूर्णपणे जात नाही. हे ट्रक टिकले ते मुख्यतः दुरुस्त करता आले म्हणून. आणि दुरुस्त करता आले ते त्यांची रचना सुटी होती व वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही म्हणून.

रचना : केबिन, हौदा, पुढचे मडगार्ड, इंजिन व आस हे सगळे चासीवरून एकेक करून उतरवता येतात. हौदा सडला तर दुसऱ्या गाडीचा हौदा चढवता येतो आणि केबिन चेपली तर तीही बदलता येते. मोनोकॉक बांधणीच्या मोटारीत अंगाचा पत्राच भार पेलतो, त्यामुळे तळ गंजला की बहुतेक वेळा गाडी भंगारात जाते. या फरकाचे महत्त्व फोर्डच्याच एका प्रयोगावरून दिसते. १९६१ मध्ये फोर्डने दोन चाकांना जोर असलेल्या काही पिकअपांत केबिन व हौदा सांधून एकजीव केले. चासी मात्र खाली तशीच होती. खर्च वाचेल आणि गाडी डौलदार दिसेल, हा हेतू. भरलेल्या गाडीची चासी पिळवटली की दरवाजे अडकतात किंवा उघडतात, अशी तक्रार तेव्हापासून सांगितली जाते. तिचे प्रमाण किती होते याविषयी मतभेद आहेत. चारही चाकांना जोर असलेल्या मॉडेलांत मात्र फोर्डने सुटा हौदाच कायम ठेवला होता, हे लक्षणीय आहे. १९६३ नंतर एकजीव रचना बंद झाली.

सुटे भाग : टिकाऊपणाच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते याविषयी आणि सर्वांत अधिक बोलायला हवे तेही याविषयीच. मूळ ‘पॉवर वॅगन’ अमेरिकी बाजारात १९४६ पासून १९६८ पर्यंत जवळजवळ एकाच रूपात विकला गेला. डॉजने १९७२ मध्ये आणलेली केबिन १९९३ पर्यंत चालवली. शेव्हरोले व जीएमसीची १९७३ ची चौकोनी केबिन १९८७ पर्यंत आणि काही जड मॉडेलांत १९९१ पर्यंत राहिली. फोर्डने १९८० च्या केबिनचा मूळ सांगाडा १९९६ पर्यंत वापरला. याचा अर्थ, एका वर्षीच्या गाडीचा दरवाजा दहा वर्षांनंतरच्या गाडीलाही बहुधा बसतो आणि भंगारवाड्यात उभी असलेली प्रत्येक गाडी दुसऱ्या एखाद्या गाडीसाठी सुट्या भागांचा साठा ठरते. खप प्रचंड असल्याने नव्याने भाग घडवणाऱ्या कारखान्यांनाही धंदा परवडला. दरवाजांखालच्या पट्ट्या (रॉकर पॅनेल), केबिनचे खालचे कोपरे आणि चाकांवरच्या कमानी गंजतात तेवढ्याच कापून तयार तुकडे जोडता येतात. रचना बदलण्याची घाई कंपन्यांना का नव्हती, यामागे काही अंशी आयातकर असावा: हलक्या ट्रकांवर १९६४ पासून २५ टक्के जकात लागू झाली आणि परदेशी स्पर्धेचा रेटा या वर्गात कमी राहिला. ज्या संथपणाबद्दल या कंपन्यांना दोष दिला जातो, त्याच संथपणामुळे पुढे शेतकऱ्याला आणि गॅरेजवाल्याला सुटे भाग मिळत राहिले.

इंजिन : इंजिने खरोखरच मजबूत होती, हा ‘टिकाव मुख्यतः दुरुस्तीमुळे’ या मतावरचा पहिला आक्षेप. तो वजनदार आहे. फोर्डचे ४.९ लिटरचे सरळ सहा सिलिंडरांचे इंजिन १९६५ ते १९९६ एवढा काळ बनत राहिले. त्याच्या क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंगे होती आणि टायमिंगसाठी साखळीऐवजी दातेरी चक्रे, त्यामुळे ताणून ढिली पडणारी साखळीच त्यात नव्हती. कमी फेऱ्यांत भरपूर ओढ देणारे हे इंजिन क्वचितच तणावाखाली चाले. शेव्हरोलेचे १९५५ चे छोटेखानी व्ही-८ आणि त्याचे वंशज यांची संख्या २०११ मध्ये दहा कोटींवर गेली. तरीही ही इंजिने झिजत, तेल खात, त्यांची गॅस्केटे गळत. पण बोअर घासून, नवे पिस्टन टाकून तोच ब्लॉक पुन्हा उभा करण्याचे काम गावातल्या मशिनशॉपात होई. न बिघडणे आणि बिघडल्यावर पुन्हा सुरू होणे हे दोन वेगळे गुण आहेत. या इंजिनांत दुसरा गुण ठळक होता.

हवा आणि वापर : पत्रा जाड होता म्हणून गंजला नाही, हे मत पुराव्यापुढे टिकत नाही. मिशिगन, ओहायो, मिनेसोटा या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथे याच गाड्यांच्या चासी व केबिनी खाल्ल्या गेल्या. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्सासच्या कोरड्या हवेत त्याच बनावटीच्या गाड्या मूळ रंगासह उभ्या आहेत. उत्तरेकडचे दुरुस्तीकार दक्षिणेतून गंज नसलेल्या केबिनी व दरवाजे मागवतात. शिवाय गुरांच्या वाडीवर वा शेतावर ठेवलेला जुना पिकअप वर्षाला थोडेच मैल चालतो, त्यामुळे त्याचे वय मोठे दिसते. उरलेल्या गाड्या पाहून सगळ्याच तशा होत्या असे म्हणणे, हा तर्कदोष आहे. गेलेल्या गाड्या मोजणीत येत नाहीत. लाखो मैलांचे दावेही जपून घ्यावेत: अनेक जुन्या पिकअपांचा मैलमापक पाच आकड्यांचा असे आणि ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई.

असे असले तरी सगळी ख्याती निवडक स्मृतीची नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००६ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार हलका ट्रक आयुष्यभरात सरासरी १,७९,९५४ मैल चालतो, मोटारगाडी १,५२,१३७. हलक्या ट्रकांच्या वर्गात व्हॅन व एसयूव्हीही येतात आणि आकडे जुन्या पिकअपांचे नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे.

कायदे : कायद्यांतील सवलतींचाही टिकावाशी संबंध आहे. १९७५ चा फोर्ड एफ-१५० मुद्दाम गाडी व माल मिळून ६,००० पौंडांहून अधिक कमाल वजनाचा ठेवण्यात आला, त्यामुळे त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या सक्तीतून सूट मिळाली. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या गाड्यांना धूरतपासणी माफ आहे. २००९ च्या जुनी गाडी मोडीत काढण्याच्या संघीय योजनेत सुमारे ६,७७,००० वाहने जमा झाली, ती बहुतांशी ट्रक वर्गातली होती आणि त्यांची इंजिने सोडियम सिलिकेट ओतून निकामी केली गेली. परंतु २५ वर्षांहून जुन्या गाड्या सर्वसाधारणपणे या योजनेबाहेर होत्या.

सुरक्षितता : वादग्रस्त. जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले व जीएमसी) १९७३–८७ च्या पिकअपांत इंधनटाक्या चासीच्या बाहेरच्या अंगाला होत्या. बाजूने धडक बसल्यास आग लागण्याचा धोका किती, यावर खटले झाले. एनबीसी वाहिनीने १९९२ मध्ये दाखवलेल्या या पिकअपांच्या धडक-चाचणीत पेटवण्याची साधने लावलेली होती, हे उघड झाल्यावर वाहिनीने १९९३ मध्ये माफी मागितली. सरकारी चौकशी १९९४ च्या तडजोडीने, गाड्या परत न मागवता संपली. हलक्या ट्रकांना डोक्यामागचा आधार सक्तीचा झाला तो १९९१ मध्ये. मोटारींना तो १९६९ पासूनच होता. गाडी टिकली म्हणजे आतला माणूस सुरक्षित होता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

भारत : जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. डॉजची मालक कंपनी क्रायस्लर हिच्याशी झालेल्या कराराने कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज ट्रकांची जुळणी होई.