चिकुनगुनिया : साठवलेल्या पाण्यातून घरात येणारा आजार

चिकुनगुनिया हा एडिस डासामुळे पसरणारा विषाणूजन्य ताप. १९५२ मध्ये आजच्या टांझानियात त्याची पहिली साथ नोंदली गेली. तिथल्या माकोंडे भाषेत या नावाचा अर्थ आहे वाकवून टाकणारा. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९७३ साली त्याची साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं तो जवळपास विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. २००६ मध्ये देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले.

माण, खटाव, जत, आटपाडी हा तर दुष्काळी भाग, इथे डास कुठून, असं आम्हाला बरेच जण विचारतात. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण बॅरल, रांजण, हौद भरून ठेवतो. एडिसला गटार लागत नाही, असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं.

ताप आठवड्याभरात उतरतो, पण सांधेदुखी काहींना कित्येक महिने सोडत नाही. विट्याचा यंत्रमाग, तासगावची द्राक्षबाग, मिरजेचं सतारीचं काम, घरची शिलाई, सगळं हातावर चालतं. बोटं मिटली नाहीत की रोजगार बुडतो. सजद्यात जाता येत नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत आहे, त्यात संकोच नको.

या आजारावर खास औषध नाही. आराम, भरपूर पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. हा डास दिवसा चावतो, म्हणून पहिला आठवडाभर रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, म्हणजे घरातले बाकीचे वाचतील.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, तर आपल्याला जुमा सोयीचा. गुस्लच्या आधी घरातली भांडी घासून घ्यावीत. वजूच्या हौदात गप्पी मासे सोडावेत, कब्रस्तानातल्या कुंड्या, मडकी उपडी करावीत. इमामसाहेबांनी एवढं मशिदीत सांगितलं तरी मोहल्ला हलेल. रात्री भांडी झाकून ठेवायला हदीसमध्ये सांगितलंच आहे. आणि आशाताई दारात आल्या तर त्यांना परत पाठवू नका, आतला रांजण बघू द्या.