दोन टोकांची बोलणी

आपल्यापैकी जी मंडळी नेटवर्किंगच्या धंद्यात मुरली आहेत, त्यांना 'कल्पना' हे नाव आठवत असेल. विनोद भारद्वाज यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या कंपनीला पत्नीचे नाव दिले आणि १९९० मध्ये सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

हबच्या काळात सगळी यंत्रे पाळीपाळीने बोलत. स्विचमुळे दोन्ही बाजूंनी एकदम बोलणे, म्हणजे फुल डुप्लेक्स, शक्य झाले. त्यातच शंभर मेगाबिटचा वेग आला. मग कोणत्या पोर्टने कसे बोलायचे हे ठरवायचे कोणी? १९९५ च्या ८०२.३यू प्रमाणाने ते तारेच्या दोन टोकांवरच सोपवले. दोघांनी बारीक स्पंदनांतून आपापली कुवत सांगायची आणि दोघांनाही झेपेल त्यातले उत्तम ते घ्यायचे. लग्नाची बैठकच म्हणा ना, फक्त मध्यस्थाशिवाय!

सुरुवातीला निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आपसात जुळेना. तेव्हा जाणकारांनी फतवा काढला: पोर्ट हातानेच पक्के करा. खरी मेख इथे आहे. पक्के केलेले टोक बहुधा बोलणीच बंद करते. समोरच्याला सिग्नलवरून वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही. अशा वेळी हाफ धरावे, असे प्रमाणच सांगते. मग एक बेधडक बोलत सुटतो आणि दुसऱ्याला वाटते टक्कर झाली. दिवा मात्र हिरवागार, पिंगही जाते!

मी काम करीत होतो अशा एका ठिकाणी रात्रीचा बॅकअप सकाळ झाली तरी संपत नसे. तीन आठवडे सर्व्हरवर खापर फुटले, नव्या डिस्कही आल्या. अखेर स्विचवरच्या नोंदीत लेट कलिजनचे आकडे दिसले. सर्व्हर फुलवर पक्का, पोर्ट ऑटोवर.

१९९९ मध्ये तांब्याच्या तारेवर गिगाबिट आले. त्यात कोणाच्या घड्याळाने चालायचे हेही दोन टोकांना ठरवावे लागते, म्हणून बोलणी सक्तीची झाली. तो फतवा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे नियमपुस्तकांत ठाण मांडून होता. माझ्या मते, मूळ दोषाने केले नसेल एवढे नुकसान त्या उपायाने केले.

२००५ च्या एलएलडीपी प्रमाणामुळे शेजारी यंत्रे एकमेकांना नाव-गाव कळवू लागली. त्यात वेग आणि डुप्लेक्स सांगायचीही सोय आहे, त्यामुळे न जुळलेले टोक स्विचला स्वतःच ओळखता येते.