‘टेररिस्ट’: मुळात कोणाचे नाव?

‘टेरर’ या इंग्रजी शब्दाचे मराठीशी दूरचे नाते आहे. लॅटिन ‘टेरेरे’ म्हणजे घाबरवणे, थरकाप उडवणे. त्याचे आणि संस्कृत ‘त्रस्’ धातूचे मूळ एकच. संस्कृतातील ‘त्रास’ म्हणजे भीतीच. मराठीत तो डासांपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही देऊ लागले, हा भाग वेगळा! ‘संत्रस्त’मध्ये मात्र जुन्या अर्थाची खूण शिल्लक आहे.

फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द कित्येक शतके साध्या भीतीपुरताच होता. त्याला राजकीय धार चढली ती १७९३ च्या फ्रान्समध्ये. सीमेवर युद्ध, आत बंडाळी आणि पॅरिसमध्ये धान्याची टंचाई. ५ सप्टेंबर रोजी राष्ट्रीय परिषदेत उघड मागणी झाली, की आता दहशत हेच धोरण असावे. १७ सप्टेंबरच्या संशयितांच्या कायद्याने केवळ बोलणे, लिहिणे किंवा कोणाशी असलेले संबंध एवढ्यावरूनही अटक शक्य झाली.

रोबेस्पिएरने फेब्रुवारी १७९४ मध्ये याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. दहशत म्हणजे तत्पर, कठोर न्याय आणि तिचा उगम सद्गुणात, अशी त्याची मांडणी होती. १० जूनच्या कायद्याने आरोपीचा वकीलही काढून घेतला. निकाल दोनच उरले, सुटका किंवा मृत्यू. या काळात सुमारे १७ हजार जणांना रीतसर निकाल देऊन मारले गेले. खटल्याविना मेलेले यात धरलेले नाहीत.

२७ जुलैला रोबेस्पिएर पडला, दुसऱ्याच दिवशी गिलोटिनखाली गेला. त्यानंतर त्याच्या साथीदारांना ‘टेरोरिस्त’ म्हटले जाऊ लागले. म्हणजे हे नाव प्रथम चिकटले ते राज्यकर्त्यांना. गंमत अशी, की ‘दहशतीच्या व्यवस्थे’वर तुटून पडणाऱ्यांत ताल्याँ आघाडीवर होता आणि बोर्दो शहरात ती व्यवस्था त्यानेच राबवली होती! बोट दुसऱ्याकडे वळवायला हा शब्द जन्मापासूनच सोयीचा ठरला.

१७९५ मध्ये एडमंड बर्कने तो इंग्रजीत वापरला, तोही क्रांतिकारी राज्यकर्त्यांसाठीच. १७९८ च्या फ्रेंच अकादमीच्या कोशातही ‘टेरोरिस्म’चा अर्थ दहशतीची राजवट असाच आहे.

एकोणिसाव्या शतकात शब्दाचे टोक हळूहळू फिरले आणि राज्याविरुद्ध शस्त्र उचलणारा ‘टेररिस्ट’ ठरू लागला. हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारने तर तो थेट कायद्याच्या नावातच घातला. चितगावच्या शस्त्रागारावरील छाप्यानंतर दोन वर्षांनी, १९३२ मध्ये आलेला तो कायदा म्हणजे ‘बंगाल सप्रेशन ऑफ टेररिस्ट आउटरेजेस ॲक्ट’.