इनलाइन स्केटची चाके

इनलाइन स्केटची चाके ही बुटाखालील फ्रेममध्ये एका सरळ रेषेत बसवलेली, पॉलियुरेथेनचे आवरण असलेली चाके होत. एका स्केटला सामान्यतः तीन किंवा चार चाके असतात. चाकाचा व्यास, कठीणपणा, काठाचा आकार आणि त्यातील बेअरिंग यांवर स्केटचा वेग, पकड, स्थैर्य आणि टिकाऊपणा अवलंबून असतो. बंदिस्त रिंकची फरशी सपाट व स्वच्छ असते. खुल्या रस्त्यावर मात्र खडी, भेगा, धूळ, उतार आणि ओल यांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे रिंकवर उत्तम चालणारे चाक रस्त्यावरही तसेच चालेल असे नाही. रस्त्यासाठी चाके निवडताना रस्त्याचा पृष्ठभाग, स्केटरचे कौशल्य आणि थांबण्याची सोय या तीन बाबी एकत्रितपणे विचारात घेतल्या जातात.

इतिहास

चाकांच्या स्केटचा आरंभ अठराव्या शतकात लंडनमध्ये स्थायिक झालेले यंत्रकार जॉन जोसेफ मर्लिन यांच्यापासून मानला जातो. एका समारंभात व्हायोलिन वाजवत स्केटवरून फिरत असताना वळता किंवा थांबता न आल्याने ते एका मोठ्या आरशावर आदळले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. १८१९ मध्ये फ्रान्समध्ये पेतिब्लेद यांनी एका रेषेतील चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले. १८२३ मध्ये लंडनचे रॉबर्ट जॉन टायर्स यांनी पाच चाकांचे ‘रोलिटो’ हे स्केट तयार केले. १८६३ मध्ये अमेरिकेतील जेम्स प्लिम्प्टन यांनी दोन पुढे व दोन मागे अशी चाके असलेले, अंग कलवून वळवता येणारे क्वाड स्केट तयार केले. वळणे सोपे झाल्याने पुढील शंभर वर्षांहून अधिक काळ हाच प्रकार प्रचलित राहिला.

पूर्वीची चाके लाकूड, धातू किंवा तत्सम कठीण पदार्थांची असत. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनच्या चाकांचा प्रसार झाला. हा पदार्थ लवचीक असूनही लवकर झिजत नसल्याने रस्त्यावरील स्केटिंग सुकर झाले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्कॉट व ब्रेनन ओल्सन या बंधूंनी आइस हॉकीच्या उन्हाळी सरावासाठी इनलाइन स्केटची सुधारित रचना केली. त्यातूनच ‘रोलरब्लेड’ हे नाव पुढे आले.

व्यास

चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तो चाकावर छापलेला असतो. ८० मिमी व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे २५१ मिमी, तर ११० मिमीचे चाक सुमारे ३४६ मिमी अंतर कापते. ताशी २० किमी वेगाने जाताना ८० मिमीचे चाक मिनिटाला सुमारे १,३३० फेरे घेते. ११० मिमीच्या चाकाला तेवढ्याच वेगासाठी सुमारे ९६५ फेरे पुरतात.

रस्त्यावर मोठ्या चाकाचा मुख्य लाभ वेगापेक्षा अडथळा ओलांडण्यात आहे. पाच मिमी उंचीचा खडा लहान चाकाला अधिक उभ्या कोनात आडवा येतो, तर मोठे चाक त्यावरून तुलनेने सहज चढून जाते. भेगा आणि फरशांमधील सांधे यांबाबतही हेच घडते.

मात्र व्यासाबरोबर उंचीही वाढते. ८० मिमीऐवजी ११० मिमीची चाके वापरल्यास त्यांचे आस जमिनीपासून १५ मिमी अधिक उंच जातात. बूटही त्या प्रमाणात वर जात असल्याने घोट्यावर पडणारा ताण वाढतो. मोठ्या चाकांचे वजन अधिक असते, वेग घेण्यास ती प्रारंभी जड वाटतात आणि झटपट वळणे कठीण जाते. व्यासानुसार चाकांचा वापर साधारणतः पुढीलप्रमाणे असतो :

• ७२ ते ७६ मिमी : मुलांचे स्केट, हॉकी आणि चपळ हालचाली
• ८० ते ९० मिमी : नवशिके स्केटर आणि शहरातील सर्वसाधारण फेरफटका
• १०० ते ११० मिमी : सराव असलेल्या स्केटरचा लांब पल्ल्याचा प्रवास
• ११० ते १२५ मिमी : वेगाच्या स्पर्धा आणि सपाट, मोकळे रस्ते

फ्रेममध्ये किती व्यासापर्यंतचे चाक मावेल, हे आसांमधील अंतरावरून ठरते. लहान चाके बहुधा बसतात. मर्यादेपेक्षा मोठी चाके परस्परांना किंवा बुटाच्या तळाला घासतात. म्हणून नवी चाके घेण्यापूर्वी फ्रेमची मर्यादा पाहणे आवश्यक असते.

कठीणपणा

चाकाचा कठीणपणा ड्यूरोमीटर या उपकरणाने मोजतात आणि तो शोअर ‘ए’ मापनश्रेणीत ७८ए, ८२ए, ८५ए असा लिहितात. अंक जितका मोठा तितके चाक अधिक कठीण. मऊ चाक हादरे शोषून घेते व पकड देते, पण लवकर झिजते. कठीण चाक अधिक टिकते, परंतु रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा पायापर्यंत पोहोचवते.

याबाबत क्वाड आणि इनलाइन स्केटचे संकेत परस्परविरुद्ध आहेत. क्वाड स्केटची चाके रुंद असून त्यांचा जमिनीशी स्पर्श मोठा असतो. म्हणून रिंकवर ९५ए किंवा त्याहून कठीण आणि रस्त्यावर ७८ए च्या आसपासची मऊ चाके वापरतात. इनलाइन चाकाची रुंदी बहुधा २४ मिमी असते आणि ते कलते झाल्यावर त्याचा अगदी थोडा भाग जमिनीला टेकतो. गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून इनलाइन हॉकीत ७२ए ते ८०ए ची मऊ चाके वापरली जातात. डांबरी रस्ता स्वतःच खरखरीत असल्याने पुरेशी पकड देतो. तिथे अशी मऊ चाके झपाट्याने झिजतात. त्यामुळे रस्त्यासाठी सामान्यतः ८२ए ते ८६ए ची इनलाइन चाके निवडली जातात आणि हादरे कमी करण्यासाठी व्यास वाढवला जातो. क्वाड स्केटवर शिकून इनलाइनकडे वळणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेणे इष्ट असते.

स्केटरचे वजन अधिक असल्यास किंचित कठीण, तर लहान मुलांसाठी किंचित मऊ चाक सोयीचे ठरते. ८८ए च्या पुढील लहान व कठीण चाके मुख्यतः स्केट पार्कमधील कसरतींसाठी असतात. समान अंक असलेली दोन चाके सारखीच चालतात असेही नाही. दाबले गेल्यावर पॉलियुरेथेन किती चटकन पूर्ववत होते, यावर चाकाची गुणवत्ता ठरते आणि तिचा बोध कठीणपणाच्या अंकावरून होत नाही.

काठाचा आकार

समोरून पाहिल्यास काही चाकांचा काठ गोलसर, तर काहींचा निमुळता दिसतो. निमुळत्या काठाचा जमिनीशी स्पर्श कमी असल्याने घर्षण घटते. असा काठ वेगासाठी उपयुक्त असतो. गोलसर काठ तोल सांभाळण्यास साहाय्य करतो आणि अधिक काळ टिकतो. खडबडीत रस्त्यावर आणि शिकण्याच्या काळात गोलसर काठाला प्राधान्य दिले जाते.

बेअरिंग

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग आणि त्यांच्यामध्ये एक स्पेसर असतो. बहुतेक स्केटमध्ये ६०८ मापाचे बेअरिंग वापरतात. त्याचे छिद्र ८ मिमी, बाहेरील व्यास २२ मिमी आणि रुंदी ७ मिमी असते. वेष्टनावरील एबेक १, ३, ५, ७, ९ हे अंक बेअरिंगच्या मापातील अचूकता दर्शवतात; वंगण, पोलाद किंवा धूळरोधकता यांविषयी ते काही सांगत नाहीत. स्केटिंगमधील फेऱ्यांचा वेग औद्योगिक यंत्रांच्या मानाने कमी असल्याने मोठ्या अंकाचा प्रत्यक्ष लाभ अल्प असतो. धुळीच्या रस्त्यांसाठी रबरी झाकणाचे बेअरिंग धातूच्या झाकणाच्या बेअरिंगपेक्षा अधिक सुरक्षित ठरते.

बूट, फ्रेम आणि ब्रेक

चाके कितीही चांगली असली तरी बूट सैल असल्यास स्केटवर ताबा राहत नाही. ताठ उभे असताना पायाची बोटे बुटाच्या पुढील टोकाला हलकेच स्पर्श करावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत, असे माप योग्य मानले जाते. टाच बुटात वर उचलली जाऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांसाठी पुढील वर्षांचा विचार करून मोठा बूट घेण्याऐवजी लांबी कमी-जास्त करता येणारे स्केट घेणे सुरक्षित असते.

प्लॅस्टिकची फ्रेम स्वस्त पण किंचित लवचीक असते. ॲल्युमिनियमची फ्रेम पायाचा जोर चाकांकडे अधिक पूर्णपणे पोहोचवते. बहुसंख्य प्राथमिक स्केटमध्ये उजव्या पायाच्या टाचेमागे रबरी ब्रेक असतो. वेगासाठीच्या अनेक स्केटमध्ये तो नसतो. उताराच्या व रहदारीच्या रस्त्यावर नवशिक्यांसाठी ब्रेक असलेले स्केटच योग्य समजले जाते. एक पाय मागे आडवा घासून थांबण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली, तरी तिच्यामुळे चाके एका बाजूने झिजतात. पडताना हात आपसूक पुढे जात असल्याने मनगटाला इजा होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे पॅड यांबरोबर मनगटरक्षकही वापरतात.

हवामान आणि देखभाल

ओल्या रस्त्यावर, विशेषतः रंगवलेले पट्टे, गुळगुळीत फरशा आणि लोखंडी झाकणे यांवर पॉलियुरेथेनची पकड लक्षणीय घटते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात हा प्रश्न प्रकर्षाने जाणवतो. पाणी शिरलेले बेअरिंग तसेच ठेवल्यास गंजते. ते काढून पुसून, वाळवून पुन्हा वंगण द्यावे लागते. सिमेंट काँक्रीटचा सलग रस्ता स्केटिंगला अनुकूल असतो; पेव्हर ब्लॉकचे सांधे आणि डांबरावर सुटलेली खडी ही प्रतिकूल असतात.

चाकांची आतली कड आधी झिजते. म्हणून चार चाकांच्या स्केटमध्ये पहिले व तिसरे, तसेच दुसरे व चौथे चाक यांची अदलाबदल करून प्रत्येक चाकाची बाजू उलटवतात. यामुळे झीज समान होऊन चाकांचे आयुष्य वाढते.

स्पर्धा

इनलाइन स्केटिंगच्या वेगाच्या शर्यती ट्रॅकवर आणि रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी होतात. आंतरराष्ट्रीय नियमन वर्ल्ड स्केट ही संस्था करते, तर भारतात रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया क्वाड व इनलाइन गटांच्या स्वतंत्र स्पर्धा घेते. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला संघांनी ३,००० मीटर रिलेमध्ये कांस्यपदके मिळवली. पुरुष संघात आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे यांचा समावेश होता. २०२५ मध्ये चीनमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत वेलकुमार यांनी १,००० मीटर स्प्रिंट आणि ४२ किमी मॅरेथॉन या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक पटकावले.